ऑर्लिनच्या दगडावरचा शब्द

रोज सकाळी सहाच्या सुमारास ऑर्लिन बर्टेलसन बहिणीच्या घराच्या मागच्या पायरीवर येऊन बसे. कॉफीचा थर्मास तो स्वतःच्या घरून भरून आणी. थोराच्या घरात कॉफी नव्हती. तिच्या आईच्या घरात नव्हती, आजीच्याही नव्हती. त्यांच्या धर्मात कॉफी चालत नाही, आणि धर्मात जे चालत नाही ते थोरा घरात चालू देत नसे. ऑर्लिनला हे ठाऊक होते, म्हणून थर्मास हातात असताना त्याने कधी तिचा उंबरठा ओलांडला नाही. पायरीवर बसायचे, झाकणात कॉफी ओतायची, सावकाश प्यायची, उरलेला गाळ भिंतीलगतच्या हॉलिहॉकच्या उंच फुलझाडांच्या मुळाशी टाकायचा आणि उठायचे. थोरा आत सिंकपाशी भांडी विसळत उभी असे. मधली खिडकी उघडी. बहीण-भावाचे सगळे बोलणे पन्नासहून अधिक वर्षे त्या खिडकीतूनच चालले.

"सिस्टर लडलो," तो हाक मारी. चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात. ऑर्लिन तिला, सासरचे आडनाव लावून, चिडवायला म्हणे. "आज स्वर्गाचं दार उघडं आहे की बंद?"

"तुझ्यापुरतं बंद. कॉफीचा वास तिथपर्यंत पोचलाय."

"मग मी बाहेर पायरीवर बसेन. मला सवय आहे."

सॅनपीट खोऱ्यातले क्लोव्हर फोर्क हे त्यांचे गाव. साडेसहाशे माणसे, आणि माणसांच्या कितीतरी पट टर्की पक्षी, मांसासाठी पाळलेले. वाऱ्याची दिशा फिरली की टर्कींच्या वाड्यांचा दर्प थेट चर्चच्या दारात. गावात दर रविवारी चर्चला न जाणारी घरे हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि त्यांत ऑर्लिनचे घर सर्वांत जुने. अशा माणसाला तिकडे जॅक मॉर्मन म्हणतात: मॉर्मन घरात जन्मला, पण पाळत काही नाही. कोणी तसे म्हटले की ऑर्लिन टोपी मागे सारून म्हणे, "जॅक तुमचा. मॉर्मन माझा."

तो शब्द त्यांच्या घरात वस्तूसारखा होता. पणजी मारेन डेन्मार्कहून निघाली तेव्हा ऑल्बोर्गच्या बंदरावर लोकांनी तिच्या घोळक्यावर चिखल फेकला. चिखलाबरोबर शब्द आला: मॉर्मन. या लोकांच्या धर्मग्रंथात त्या नावाचा एक माणूस आहे. बाहेरच्यांनी ते नाव उचलून शिवीसारखे फेकले. पणजी समुद्र ओलांडून आली, मैदाने पायी तुडवली, आणि खोऱ्यात पोचल्यावर कोणी विचारले की म्हणे, मी ती, चिखलवाली, मॉर्मन. थोरा आणि ऑर्लिन ही गोष्ट ऐकत मोठी झाली. त्या शब्दाचा अर्थ 'अधिक चांगले' असा आहे, असे लहानपणी एका मास्तरांनी सांगितले होते. कुठल्या भाषेत, ते मास्तरांना सांगता आले नव्हते. ऑर्लिन मोठेपणीही त्यावरून हसे. "अधिक चांगलं तू घे. मला नुसतं चांगलं मिळालं तरी पुरे."

पण हसण्याच्या आधी एक काळ होता. तेव्हा ऑर्लिन सव्वीस वर्षांचा होता, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसे, आणि त्याच्या मांडीवर लेक एल्वा असे. एल्वा तीन वर्षांची. एकोणीसशे त्रेसष्टच्या जानेवारीत तिला मेंदूज्वर झाला आणि चार दिवसांत ती गेली. गावाचा कबर खणणारा माणूस तापाने अंथरुणात होता. जमीन लोखंडासारखी गोठलेली. ऑर्लिनने जुनिपरची लाकडे आणली, जागेवर जाळ केला, वर पत्रा टाकला, आणि दिवसभर तो जाळ धरून ठेवला. संध्याकाळी माती फावड्याला वश झाली. लेकीची कबर त्याने स्वतः खणली.

दफनाच्या दिवशी लोक रांगेने येऊन त्याचा हात धरत होते. आठ वर्षांखालचे लेकरू थेट देवाजवळ जाते, असे या लोकांचे मानणे. आईबापांना ते पुन्हा मिळते, तिकडे त्यांच्या हातीच वाढते. सगळ्यांना याची इतकी खात्री, की डोळ्यांत पाणी आणणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. ऑर्लिनचा चेहरा मोडायला लागला होता. त्याच्या शेजारी थोरा उभी होती, अठ्ठावीस वर्षांची, खात्रीने भरलेली. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "रडू नकोस. रडण्यासारखं काय आहे? ती तुझीच आहे कायमची."

तो रडला नाही. पुढच्या रविवारी तो चर्चला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षांनी त्याची बायको मर्ला नेवाडात भावाकडे गेली आणि तिकडेच राहिली. ऑर्लिनने थोराला कधी काही म्हटले नाही. सकाळी थर्मास घेऊन तो तिच्या पायरीवर यायला लागला, एवढेच.

टर्कीच्या वाड्यांवर दाणा पोचवणारी गाडी चालवणे हे त्याचे पोटापाण्याचे काम. पण क्लोव्हर फोर्कमध्ये त्याची ओळख दुसऱ्या कामाने झाली. तो तापाने पडलेला, कबरी खणणारा म्हातारा त्या वसंतात वारला, आणि त्याची कबर ऑर्लिनने खणली. नंतरची ऑर्लिनने खणली. त्यानंतर विचारायची गरजच पडली नाही. मोबदला तो घेत नसे. कोणी जर्दाळूची बरणी दारात ठेवून गेले तर ती तेवढी आत नेई. जमीन कुठे खडकाळ, कुठे पाण्याची, कुठे जुने बेनाव लेकरू पुरलेले आहे आणि म्हणून दोन हात सोडून खणायचे, हे त्याला नकाशाशिवाय माहीत होते.

प्रार्थना चालू असताना तो दूर देवदाराखाली टोपी काढून उभा राही. मग बिशप, म्हणजे गावातल्यांतूनच नेमलेला चर्चचा बिनपगारी प्रमुख, निघे, मंडळी निघत, चर्चच्या हॉलमध्ये चीज घातलेल्या बटाट्यांच्या पराती वाट पाहत असत. या खोऱ्यात कोणी गेले की हे बटाटे हवेतच. त्यांना नावही दफनाचे बटाटे असेच आहे. सगळे तिकडे वळले तरी एखादी बाई, एखादा म्हातारा नवरा, पाय उचलत नसे. तेव्हा ऑर्लिन पुढे येई, फावड्यावर हात टेकवून जरा बाजूला उभा राही आणि म्हणे, "रडून घ्या. मला घाई नाही."

एवढेच. मग तो खरोखर थांबे. कधी अर्धा तास, कधी उन्हे उतरेपर्यंत.

थोराचा नवरा रूलन गेला तेव्हा थोराही तशी मागे राहिली होती. ऑर्लिन आला. "रड थोरा. मला घाई नाही."

"मला रडायचं नाहीये," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे तो कुठे आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि तरी थांबला.

सन दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात सॉल्ट लेकहून, चर्चच्या मुख्य कचेरीतून, सांगणे आले, की हे टोपणनाव आता सोडा. चर्चचे पूर्ण नाव घ्या, त्यात ख्रिस्ताचे नाव आहे. बाहेरच्यांनी दिलेल्या नावाआड ते झाकले जाते. थोराने ते रेडिओवर ऐकले, रेडिओ बंद केला, आणि त्या दुपारपासून तो शब्द उच्चारला नाही. तेव्हा ती त्र्याऐंशी वर्षांची होती, आणि बोलायला लागल्यापासून तो शब्द तिच्या तोंडात होता. पणजीची गोष्ट सांगतानासुद्धा ती आता "तो शब्द" म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेरून हसणे ऐकू आले. "सिस्टर लडलो, ऐकलं का? तुम्ही शब्द टाकलात म्हणे."

"टाकला नाही. बाजूला ठेवला. देवाचं नाव पुढे यायला हवं."

"टाकलेली वस्तू उचलली तर चोरी होत नाही ना? मग मी घेतो. पणजीची आहे."

"तुला कशाला हवाय? तू तर काही पाळत नाहीस."

"म्हणूनच," ऑर्लिन म्हणाला. "तुझ्याकडे ते लांबलचक नाव आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

त्या हिवाळ्यात त्याचा श्वास अपुरा पडू लागला. पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी फुप्फुसांचे चित्र दाखवले आणि फार दिवस उरले नाहीत असे सांगितले. गावात बातमी पसरली तशा ऑर्लिनच्या दारात पराती येऊ लागल्या. एका सकाळी तो पायरीवर बसून म्हणाला, "ही पाचवी बटाट्याची परात. यांना कोणी सांगितलं का मी गेलो म्हणून? जाऊन सांग, अजून चालतोय. आधी दफन, मग बटाटे, असा नियम आहे."

"देतायत ते खा आणि गप बस."

"खातोय. स्वतःच्या दफनाचे बटाटे खायला मिळालेला या खोऱ्यातला मी पहिलाच." हसता हसता त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. थोराने नळ बंद केला. खोकला संपल्यावर तो वेगळ्या आवाजात म्हणाला, "एल्वाच्या शेजारची जागा माझी आहे. दगड त्या पाथरवट लमारकडे निवडून ठेवलाय. नाव, साल, आणि खाली एक शब्द कोरायचा. कुठला ते तुला माहितेय. मी गेल्यावर लमार तुझ्याकडे येईल. तू हो म्हण."

थोराचे हात ओले होते. ते तिने ॲप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले. "दुसरं काहीही माग."

"दुसरं काही नकोय."

"मला सांगितलंय ते मी पाळते, ऑर्लिन. आयुष्यभर पाळलंय. लोक दगड वाचतील. म्हणतील, थोरा लडलोनेच सगळ्यांत आधी नियम मोडला, आणि तोही दगडावर, पुसता न येण्यासारखा."

ऑर्लिनने गाळ हॉलिहॉकच्या मुळाशी ओतला. "बरं," तो म्हणाला. आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आला, टर्कींविषयी बोलला, पण दगडाचा विषय काढला नाही. त्याचे ते विषय न काढणे तिला जास्त जड गेले.

ऑगस्टमध्ये रविवारच्या बायकांच्या वर्गात शिकवायची पाळी थोराची होती. धडा ग्रंथातलाच, तिने कितीतरी वेळा शिकवलेला. नुकतीच लग्न होऊन गावात आलेली ब्रिएल मागच्या रांगेतून म्हणाली, "सिस्टर लडलो, रागावू नका हं. तो शब्द वापरायचा नाही हे कळलं. पण मुळात तो आला कुठून? त्या माणसाच्या आधी?"

पुढच्या रांगेतली सिस्टर पीटरसन घसा साफ करत म्हणाली, "घ्या. लग्नाला दोन महिने नाहीत आणि मुळापर्यंत पोचली."

सगळ्या हसल्या. थोराही हसली आणि सांगू लागली. ग्रंथात ज्या माणसाचे ते नाव आहे, तो आपल्या लोकांच्या अखेरच्या काळातला लेखनिक. हजार वर्षांच्या नोंदी त्याने धातूच्या पत्र्यांवर थोडक्यात उतरवल्या आणि मुलाच्या हाती दिल्या. पण नाव त्याच्याही आधीचे. ते त्याला मिळाले एका जागेवरून. तिथे एक झरा होता आणि झुडपांची दाटी होती. राजाच्या माणसांपासून लपून लोक दिवसा त्या झाडीत बसत. गरीब लोक, काहीच हाती नसलेले. त्यांना देवाची मंडळी व्हायचे होते. बाप्तिस्म्यासाठी झऱ्यात उतरण्याआधी त्यांना एकच विचारले गेले, की तुम्ही काय करायला तयार आहात.

"काय करायला?" ब्रिएलने विचारले.

"एकमेकांची ओझी उचलायला," थोरा म्हणाली, "म्हणजे ती हलकी व्हावीत. आणि जो रडतोय त्याच्याबरोबर..."

ती थांबली. वाक्य तिला पाठ होते. आठव्या वर्षी पाण्यात उतरली तेव्हापासून पाठ होते. वर्ग वाट पाहत होता. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. गोठलेल्या जानेवारीत आपण भावाचा दंड किती घट्ट धरला होता, ते तिच्या बोटांना आठवले. रडणाऱ्याबरोबर रडायचे, एवढेच त्या झऱ्याने मागितले होते. रडू नकोस असे सांगायला झऱ्याने कोणालाच सांगितले नव्हते.

"रडायला," तिने वाक्य पुरे केले. "त्याच्याबरोबर रडायला." आणि पुस्तक मिटले. अजून वीस मिनिटे शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्लिन आला तेव्हा सिंकपाशी कोणी नव्हते. खिडकी नेहमीसारखी उघडी. मागचे दार वाजले आणि थोरा बाहेर आली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच बसत होती.

ऑर्लिनने थर्मास दुसऱ्या बाजूला सरकवला. "सांभाळ. वास लागेल. बिशपला कळेल."

"कळू दे." ती हॉलिहॉककडे पाहत राहिली. एवढ्या वर्षांच्या गाळावर ती झाडे छताला टेकली होती. "एल्वाला ती लाल टोपी कोणी विणली होती रे? मी की आईने?"

ऑर्लिनने थर्मासचे झाकण लावले. "तू," तो म्हणाला. "एका बाजूला सैल झाली होती. सारखी डोळ्यांवर यायची तिच्या."

थोराच्या घशातून आवाज आला. तिला तो ओळखीचा वाटला नाही. छप्पन्न वर्षे, सात महिने. ती तोंडावर हात न ठेवता रडली. आधी टोपीसाठी, मग एल्वासाठी, मग मधे कधीतरी रूलनसाठी. बोलता आले तेव्हा म्हणाली, "मी तुला तेव्हा..."

"माहितेय," ऑर्लिन म्हणाला. त्याचा चेहराही ओला होता आणि त्याने तो पुसला नाही. "रडून घे. मला घाई नाही."

त्यानंतर रोज ती पायरीवरच बसू लागली. तो कॉफी पिई, ती गरम पाणी. दगडाविषयी कोणीच बोलले नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ऑर्लिन आपल्या खुर्चीत बसल्याबसल्या गेला.

कबर खणायचे यंत्र शेजारच्या गावाहून येणार होते. थोराने नको म्हणून कळवले. शुक्रवारी सकाळी ती ऑर्लिनचे फावडे घेऊन दफनभूमीत गेली, तर तिथे बिशप ऑलरेड आधीच आलेला, टर्कीवाड्याच्या बुटांत. त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसे, ब्रिएल आणि तिचा नवराही. कोणी कोणाला बोलावले नव्हते. मात्र त्यांना सरळ कडा धरता येईना. "ऑर्लिन असता तर हसला असता," कोणीतरी म्हणाले. "असता तर हाकललं असतं," बिशप म्हणाला आणि घाम पुसून पुन्हा खड्ड्यात उतरला.

आठवड्याने पाथरवट लमार विचारायला आला. थोराने तो शब्द उच्चारला नाही. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्याच्या हातात दिला, अक्षर अन् अक्षर सुटे काढून, म्हणजे चूक व्हायला नको.

दगड उभा राहिल्यावर बिशप घरी आला. तरुण माणूस, मऊ बोलणारा. टोपी हातात फिरवत राहिला. "सिस्टर लडलो, लोक विचारतायत. मला काही म्हणायचं नाही. पण तुम्ही... तुम्ही तर..."

"मी पाळते, बिशप. माझ्या तोंडून तो शब्द तुम्हाला ऐकू येणार नाही. माझ्या दगडावर पूर्ण नाव घाला." तिने त्याच्यापुढे पीचच्या फोडींची वाटी ठेवली. "पण त्या झऱ्यावर जे मागितलं होतं, ते या गावात कोणी केलं, ते तुम्ही मला सांगा. ऑर्लिनखेरीज एक नाव सांगा. मी लमारला बोलावून शब्द खोडून घेते."

बिशपने टोपी मांडीवर ठेवली. त्याच्या वडिलांना पुरले त्या दिवशी तो पंधरा वर्षांचा होता आणि सगळ्यांच्या मागे राहिला होता. त्याने चमचा उचलला. "पीच छान झालेत," तो म्हणाला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

थोरा अजून सकाळी पायरीवर बसते. मोठे काही तो सांगून गेला का, असे लोक विचारतात. मरताना काहीतरी सांगायला हवे अशी लोकांची अपेक्षा असते. ती नाही म्हणते. त्याच्या शेवटच्या सकाळीही नेहमीसारखेच. त्याने थर्मासचे झाकण झटकले, हॉलिहॉकला गाळ दिला, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. फाटकापाशी पोचल्यावर वळून त्याने घराकडे पाहिले.

"खिडकी उघडीच राहिली बघ, थोरा. लाव, टर्कींच्या माशा आत शिरतील."